विश्लेषण : टेकडीवर धावताना टाच का दुखते? बूट, दुखापत आणि एका हौशी धावपटूचे आठ महिने

जुलैतली एक सकाळ. अंथरुणातून उठून पहिले पाऊल फरशीवर टेकवले आणि उजव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ आली. भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत गेलो. पंधरा-वीस पावलांनंतर कळ ओसरली, म्हणून बूट चढवले आणि नेहमीप्रमाणे टेकडी गाठली. सप्टेंबरमधल्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला काही आठवडेच उरले होते. सराव चुकवणे परवडणारे नव्हते. ते दुखणे अंगावर काढले आणि त्याची किंमत आठ महिने मोजली. शर्यत तर हुकलीच, पण मध्ये असाही काळ आला की मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाताना मी लंगडत होतो.

मी खेळाडू नाही. पुण्यात नोकरी करणारा, चाळिशीनंतर धावू लागलेला हौशी माणूस आहे. पहाटे रस्त्यांवर आणि टेकड्यांवर माझ्यासारखे अनेक जण दिसतात. त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट सारखीच असते : नवा उत्साह, नवे बूट, वाढते अंतर आणि मग दुखणे. ही साखळी कशी तयार होते आणि ती कुठे तोडता येते, हे समजून घेऊ.

ट्रेलवर धावणे वेगळे कसे?

डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल जवळपास सारखे पडते. टेकडीवरच्या पायवाटेवर एकही पाऊल आधीच्या पावलासारखे नसते. पुण्यातली वेताळ टेकडी घ्या किंवा आतकरवाडीकडून सिंहगडावर जाणारी वाट. काही मीटर मुरूम, मग सुटे दगड, मग उघडा कातळ, मग झाडाची मुळे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि चिखल. उन्हाळ्यात तीच वाट घसाऱ्याची होते आणि पाय टेकला की खडी निसटते.

याचा फायदाही आहे आणि तोटाही. एकाच स्नायूवर, एकाच सांध्यावर तोच तो भार येत नाही. घोट्याभोवतीचे लहान स्नायू कामाला लागतात, तोल सुधारतो. पण घोटा मुरगळण्याचा, ठेच लागून पडण्याचा धोका वाढतो. शिवाय रस्त्यावरचा वेग इथे चालत नाही. सपाट रस्त्यावर किलोमीटरला साडेसहा मिनिटे घेणारा माणूस टेकडीवर नऊ-दहा मिनिटे घेतो आणि त्यात काही वावगे नाही. चढावर चालणे हेही ट्रेल रनिंगच असते. मला हे पटायला वर्ष लागले. घड्याळावरचा आकडा रस्त्यासारखा दिसावा म्हणून मी प्रत्येक चढ धावून काढत होतो. चढावर टाच खाली राहते, चवड्यावर जोर येतो आणि पोटरी ताणली जाते. दुखण्याचे पहिले बीज तिथे होते.

चढ दमवतो, मग उतार त्रास का देतो?

चढताना धाप लागते, म्हणून तोच अवघड वाटतो. स्नायूंची खरी झीज उतारावर होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू शरीराला ब्रेक लावत असतात, म्हणजे आकुंचन पावत असतानाच ते ताणले जातात. अशा कामाने स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते. सिंहगड उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात, त्याचे कारण हेच. साताऱ्याची शर्यत डांबरी रस्त्यावर असली, तरी तिथेही हाच हिशेब लागू होतो : यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि त्याच वाटेने परतायचे. २१ किलोमीटरच्या या शर्यतीत अनेकांचे गुडघे परतीच्या उतारावर बोलू लागतात.

उपाय सोपा आहे. उतारावर लांब ढांगा टाकायच्या नाहीत. पावले लहान आणि जलद ठेवायची, म्हणजे पाय शरीराच्या फार पुढे पडत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले होते, की दर मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार कमी होतो.

बुटांचे गणित काय असते?

दुकानात गेलात की तीन शब्द कानावर पडतात. पहिला ‘ड्रॉप’. म्हणजे टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या सोलच्या जाडीतला फरक. पारंपरिक धावण्याच्या बुटांत तो १० ते १२ मिलिमीटर असतो. काही बुटांत ४ ते ६, तर ‘झिरो ड्रॉप’ बुटांत शून्य. ड्रॉप जास्त असेल तर गुडघ्यावर भार तुलनेने जास्त, कमी असेल तर पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर जास्त. भार नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो.

दुसरा शब्द ‘कुशनिंग’, म्हणजे पायाखालच्या फोमची जाडी आणि मऊपणा. स्पर्धात्मक रस्ता धावण्यात या जाडीची इतकी चढाओढ झाली, की जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला २०२० मध्ये ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. पायवाटेवर मात्र फार जाड, मऊ सोल डळमळीत वाटतो आणि घोटा मुरगळू शकतो.

तिसरा शब्द ‘लग’, म्हणजे सोलखालचे दाते. चिखलासाठी ते खोल आणि विरळ हवेत, कातळासाठी कमी खोल आणि चिकट रबराचे. पुढे बोटांना ठेच लागू नये म्हणून जाड पट्टी आणि काही बुटांत दगड टोचू नये म्हणून सोलच्या आत एक पातळ प्लेट असते. ओल्या कातळावर मात्र कोणताही बूट शंभर टक्के पकडत नाही. तिथे धावायचे नसते, उतरायचे असते.

मग अनवाणी धावणारे कसे धावतात?

हा प्रश्न मलाही पडला आणि त्यातूनच माझी फसगत झाली. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला. मिलिंद सोमण अनवाणी लांबची अंतरे धावतात. साठी ओलांडलेल्या लता करे २०१४ मध्ये बारामतीत पतीच्या उपचारांच्या पैशांसाठी नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. २००९ मध्ये आलेल्या ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकाने मेक्सिकोतील ताराहुमारा लोकांच्या साध्या चपलांची गोष्ट जगभर नेली आणि पातळ सोलची लाट आली.

मीही मे महिन्यात १० मिलिमीटर ड्रॉपचे बूट बाजूला ठेवून पातळ, झिरो ड्रॉपचे बूट घेतले. दुसऱ्याच आठवड्यात त्यावर १२ किलोमीटर टेकडी केली. पाय हलका वाटत होता. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, पण ते ‘पाय मजबूत होत असल्याचे लक्षण’ आहे, अशी मी समजूत करून घेतली.

जे लहानपणापासून किंवा वर्षानुवर्षे अनवाणी चालले-धावले, त्यांचे तळवे, शिरा आणि हाडे त्या भाराला सरावलेली असतात. ऑफिसात दिवसभर बूट घालून बसणाऱ्याचे तसे नसते. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांत पातळ सोलच्या बुटांकडे वळलेल्या अनेक धावपटूंच्या पायाच्या हाडांत एमआरआय तपासणीत सूज आढळली. आणि बिकिलाच्या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही : १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो बूट घालून धावला आणि पुन्हा सुवर्णपदक जिंकला.

टाच नेमकी का दुखते?

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो धनुष्याच्या दोरीसारखा धरून ठेवतो. त्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त ताण वारंवार आला, की टाचेच्या हाडाशी तो जिथे जोडलेला असतो तिथे दुखू लागते. यालाच ‘प्लांटर फॅसायटिस’ म्हणतात. रात्रभर पाय स्थिर राहतो, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून ती खिळा ठोकल्यासारखी कळ. चालल्यावर ती कमी होते, म्हणून माणूस फसतो.

पोटरी आखडलेली असेल तर या पट्ट्यावरचा ताण वाढतो. माझ्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या : प्रत्येक चढ धावण्याचा हट्ट, एकदम बदललेले बूट आणि शर्यतीसाठी वाढवलेले अंतर. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले आणि मी घाबरलो. पण असे वाढलेले हाड काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही दिसते. दुखण्याचे मूळ बहुधा ते नसते.

उपचारात काय चुकले, काय उपयोगी पडले?

पहिली चूक : तीन आठवडे पूर्ण विश्रांती आणि बरे वाटताच थेट दहा किलोमीटर. दुखणे दुप्पट होऊन परतले. विश्रांतीने वेदना शमते, पण पट्ट्याची आणि पोटरीची ताकद वाढत नाही, उलट घटते. दुसरी चूक : वेदनाशामक गोळी घेऊन धावणे. तिसरी होता होता टळली. ओळखीतल्या एकाने इंजेक्शनचा झटपट मार्ग सुचवला होता. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडू शकतो, पण पट्टा फाटण्याचा धोकाही असतो. शर्यत गाठण्यासाठी ते घेणे शहाणपणाचे नव्हते.

शेवटी खेळाडूंवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी आधी बूट पाहिले, मग माझी सरावाची वही पाहिली आणि एकच व्यायाम मन लावून करायला सांगितला. जिन्याच्या पायरीवर चवड्याने उभे राहायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि टाच हळूहळू वर उचलायची. तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंद खाली. एक दिवसाआड. जमू लागले की पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवायचे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात तीन महिन्यांनंतर या व्यायामाचा फायदा नुसत्या ताणण्याच्या व्यायामापेक्षा जास्त दिसला होता. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे व्यायामाने वेळ वाचतो, आणि वेळ तरीही लागतोच.

हा व्यायाम कंटाळवाणा आहे. सहा आठवडे काहीच फरक वाटला नाही. सप्टेंबरमध्ये मित्र साताऱ्याला गेले तेव्हा मी घराच्या जिन्यावर टाचा उचलत होतो. दिवाळीनंतर एका सकाळी सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि मग लक्षात आले, की आज भिंतीला हात लावला नाही.

पुन्हा धावायला कधी सुरुवात करावी?

अर्धा तास भरभर चालल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढत नसेल, तर. मी एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे अशी सुरुवात केली, तीही सपाट मैदानावर. नियम एकच : धावताना दहापैकी तीनपर्यंत वेदना चालेल, पण ती दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवी. नाही आली, तर मागचा टप्पा पुन्हा. टेकडी मार्चमध्ये, तीही चढ चालत.

आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नका, असे सर्रास सांगितले जाते. नेदरलँड्समध्ये २००८ मध्ये नवशिक्यांवर झालेल्या अभ्यासात हा नियम पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या दोन्ही गटांत सुमारे २० टक्के जण जखमी झाले. नियम वाईट नाही, पण तो कवच नाही. अंतर, चढ आणि बूट यातली एकच गोष्ट एका वेळी बदलणे, हे मला जास्त उपयोगी पडले.

बूट निवडताना काय पाहावे?

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. पायाच्या कमानीवरून बूट ठरवून दिल्याने दुखापती कमी होत नाहीत, हे अमेरिकी लष्कराच्या चाचण्यांत दिसले आहे. त्यामुळे पायाला आरामदायी वाटणे, हाच चांगला निकष. नवा बूट आठवड्यातून एकदा, थोड्या अंतरासाठी. जुना फेकायची घाई नको. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलण्याचा सल्ला दिला जातो, पण मुरूम आणि खडीवर दाते त्याआधीच झिजू शकतात. सोल उलटा करून पाहावा.

डॉक्टरकडे तातडीने कधी जावे?

हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी वेदना, रात्री झोपेतही ठणका, बधिरपणा किंवा मुंग्या, घोट्यावर भार टाकून चार पावलेही चालता न येणे, अचानक ‘कट्’ असा आवाज येऊन आलेली कळ. यातले काहीही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. हाडाला सूक्ष्म तडा किंवा शिरेला इजा झालेली असू शकते. मधुमेह असेल तर तळव्याची साधी जखमही दुर्लक्षू नये.

पुढच्या सप्टेंबरमध्ये यवतेश्वरचा घाट चढलो. दोन ठिकाणी चाललो. आधीच्या वेळेपेक्षा अकरा मिनिटे जास्त लागली. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या होत्या, जिना उतरताना कठड्याला धरावे लागले. पण सकाळी अंथरुणातून उठताना पहिले पाऊल मी भीत भीतच टेकवले होते, आणि टाच दुखली नाही.