स्तनपान आणि मुलांचे वजन : सहसंबंध की कार्यकारणभाव?

सांख्यिकीच्या तासाला मी फळ्यावर एक वाक्य लिहितो : 'आईचे दूध जास्त काळ मिळालेली मुले पुढे कमी लठ्ठ होतात.' वर्ग लगेच कारणे सांगू लागतो. दूध हेच कारण आहे का, हे फारसे कोणी विचारत नाही.

असा सहसंबंध अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसला आहे. पण श्रीमंत देशांत जास्त काळ स्तनपान करणाऱ्या माता सरासरीने अधिक शिकलेल्या आणि कमी धूम्रपान करणाऱ्या असतात. घरचे उत्पन्न आणि खाणेपिणेही वेगळे असते. मग वजनातला फरक नेमका कशामुळे? अशा घटकांना गोंधळकारक चल म्हणतात. मोजलेल्या चलांसाठी गणितात दुरुस्ती करता येते. जे मोजलेच नाहीत त्यांचे काय करणार?

चिठ्ठ्या टाकून 'तुम्ही पाजा, तुम्ही पाजू नका' असे मातांना सांगणे अनैतिक ठरेल. मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी यातून वाट काढली. १९९६-९७ मध्ये बेलारूसमध्ये त्यांनी मातांऐवजी ३१ प्रसूती रुग्णालये यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागली. एका गटातील कर्मचाऱ्यांना स्तनपानास मदत करण्याचे प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटात नेहमीचीच पद्धत ठेवली. एकूण १७,०४६ बाळे. तिसऱ्या महिन्यात फक्त आईच्या दुधावर असलेली बाळे पहिल्या गटात ४३.३ टक्के, दुसऱ्यात ६.४ टक्के. म्हणजे फरक चांगलाच मोठा पडला.

साडेसहा वर्षांनी १३,८८९ मुले पुन्हा तपासली. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच होता. साडेअकराव्या वर्षीही पहिल्या गटात लठ्ठपणा कमी आढळला नाही.

इथे विद्यार्थी एक चूक हमखास करतात : 'सर, प्रत्यक्ष ज्यांनी पाजले त्यांचीच तुलना करू.' तसे केले की आईची निवड पुन्हा आत येते आणि यादृच्छिकतेचा फायदा गेला. म्हणून तुलना चिठ्ठीत मिळालेल्या गटाप्रमाणेच करायची, आई पुढे काहीही करो.

मूल जाड झाले की 'तूच लवकर दूध तोडलेस' असे सुनेला ऐकवले जाते. त्याला या चाचणीत आधार नाही. मात्र चाचणीतील सर्वच मातांनी स्तनपान सुरू केले होते, त्यामुळे कधीच न पाजलेल्या बाळांबद्दल ती काही सांगत नाही. आणि स्तनपान निरुपयोगी आहे, असाही अर्थ काढू नका : त्याच चाचणीत पहिल्या वर्षी पोटाचा संसर्ग झालेली बाळे प्रशिक्षण गटात ९.१ टक्के होती, तर दुसऱ्या गटात १३.२ टक्के.