ओणव्याचा दिवस

पहाटे ५.३०
डोंबिवलीत मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्षभर लोकांच्या पाठी, माना, गुडघे हाताळते. जुलैतला एक रविवार मात्र माणगाव तालुक्यातल्या आत्याच्या खाचरांतल्या भातलावणीसाठी राखलेला. आत्या चौसष्ट वर्षांची. चुलीपुढून ती हात न टेकता उठते. मी कट्ट्याला धरून उठले. तिनं पाहिलं, पण काही बोलली नाही.

सकाळी ७
राबावर आवण, म्हणजे भाताची रोपं, काढायची. सगळ्या बायका उकिडव्या बसल्या, पायांचे तळवे पूर्ण टेकलेले. मी बसले तर टाचा वर उचलल्या गेल्या. सगळा भार चवड्यांवर आला आणि दोनदा मागे पडले. घोटा पुढे दुमडत नसला की माणूस मागे कलंडतो. ते टाळायला मग पाठ गोल करून पुढे झुकतो. खुर्ची आणि कमोडच्या सवयीत माझे घोटे आखडलेत. दुखतं कमरेत, पण चूक घोट्यात, हे मी पेशंटना रोज सांगते. आत्यानं बुडाखाली पाट सरकवला. पाटावर बसल्यावर दोन्ही हात मोकळे झाले आणि मुठी भराभर बांधून होऊ लागल्या.

९.००
न्याहारी. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, काळा चहा. बांधावर कुणीही बसून खाल्लं नाही. सगळ्या उभ्या, हिंडत-फिरत. घाई असेल असं मला वाटलं. खरं कारण दुपारी कळलं.

९.३०
चिखलणी झालेल्या खाचरात रांग धरली. डाव्या हातात मूठ, उजव्यानं काड्या खोवायच्या आणि मागे सरकत जायचं. दहा मिनिटांत मी रांगेच्या पुढे राहिले. म्हणजे इथल्या हिशेबात मागे पडले.
"कंबर मोडू नको बाय, जांघेतनं वाक," आत्या म्हणाली.
फरक बघण्यासारखा होता. माझी पाठ कमानीसारखी गोल आणि गुडघे ताठ. तिची पाठ जवळजवळ सरळ फळी, गुडघे जरासे सैल, बूड मागे काढलेलं. वाकणं सगळं खुब्यात. खुब्याभोवती शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू आहेत, ते धडाचं वजन पेलू शकतात. कमरेचे स्नायू मणक्याला अगदी चिकटून असतात. त्यामुळे धड पुढे झुकलं की तोलासाठी त्यांना वजनाच्या कितीतरी पट ओढावं लागतं. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. ताठ उभं राहणं १०० धरलं, तर आधाराविना बसणं १४० आणि उभ्यानं जरासं पुढे वाकणं १५०. म्हणजे ऑफिसात खुर्चीवर आधाराविना बसलेला माझा पेशंट आणि उभ्यानं जरासा वाकलेला माणूस यांच्यात आकड्यानं फारसं अंतर नाही.
गुडघे सैल असण्याचा आणखी एक उपयोग. चिखल पाय ओढून धरतो. ताठ पाय उपसताना झटका कमरेला बसतो. सैल गुडघा आधी टाच सोडवतो, मग पाऊल.

११.३०
पाऊस वाढला. आम्ही प्लास्टिकची कापडं घेतली, म्हाताऱ्या काकीनं मात्र इरलं. इरलं केलंय तेच वाकलेल्या पाठीसाठी. डोक्यावर टेकतं, पाठ झाकतं आणि हात मोकळे ठेवतं. छत्री उभ्या माणसाची.
बायका गात होत्या. गाणाऱ्यांच्या पाठी लांब, छाती मोकळी. माझी पाठ पुन्हा गोल झाली तसं पोट दबलं, श्वास तोकडा झाला आणि ध्रुपदालाही सूर पुरेना. आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "गप झालीस, म्हणजे दमलीस. जा, मुठी आण."

दुपारी १
भात, डाळ, लोणचं. इथे मात्र सगळ्या आडव्या झाल्या, अर्धा तास उताण्या. चकत्यांवरचा भार निजल्यावर सगळ्यात कमी असतो.

२.३०
सकाळचं कोडं सुटलं. पूर्ण वाकून राहिलं की पाठीचे स्नायू काम सोडून देतात आणि धड मणक्याच्या पाठीमागच्या अस्थिबंधांवर लटकतं. ते रबरासारखे ताणले जातात, पण रबरासारखे लगेच परतत नाहीत. वीस मिनिटं ओणवं राहिल्यावर सरळ झालो, तरी काही काळ मणका सैलच असतो. त्या वेळी जड उचललं तर कंबर धरते. बायका हे पुस्तकातून शिकलेल्या नाहीत. पण प्रत्येक रांग बांधाला लागली की कमरेवर हात ठेवून मागे झुकतात, दोन पावलं चालतात, तंबाखू मळतात आणि मगच आवणाचा भारा उचलतात. दोन तास उकिडवं बसल्यावर न्याहारी उभ्यानं का, त्याचंही उत्तर हेच.
शेजारच्या खाचरातला पोरगा ओणव्यातून तसाच वळला आणि भारा उचलायला गेला. आत्यानं ओरडून थांबवलं. मी त्याला हेच सांगायला तासभर घेतला असता.

४.३०
कर्जतकडच्या पाहुण्यानं विषय काढला. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत चिखलणी नाही, लावणीही नाही. गादीवाफ्यावर लोखंडी साच्यानं भोकं पाडून थेट बी टोकायचं. आत्याला तणाची काळजी, काकीला बी पाखरं खातील याची. पण एक गोष्ट दोघींनी कबूल केली, लावणीचं दिवसभराचं ओणवं जाईल. पाठीची खरी सोय औषधात नसते. कामाची रीत बदलली तर होते.

संध्याकाळी ६.३०
पायरीवर बसून पाय धुतले. आत्याची दोन खाचरं झाली, माझं अर्धं. तिची पाठ दुखतेच, ती खोटं बोलत नाही. पण उद्या सकाळी ती उठेल, आणि मला उठताना कट्टा लागेल.

तुमचं खाचर संगणकाचं असेल, शिवणयंत्राचं असेल किंवा मोबाइलचं. वाकायला हरकत नाही, पण खुब्यातून वाका. दर वीस मिनिटांनी आपला बांध ठरवा, तिथं उभे राहा. आणि बराच वेळ वाकून उठलात की लगेच सिलिंडर, बादली किंवा मूल उचलू नका. आधी दोन पावलं चाला.