मुंबईच्या पाण्याचा इमला

उंबरगावच्या स्थानकावर गाडी धरून कामानिमित्त मुंबईस निघालेल्या वेवजी-तलासरीकडील मनुष्याला वैतरणेचा पूल ओलांडताना हे सहसा ध्यानात येत नाही की, ज्या शहराकडे आपण चाललो आहोत, ते जवळजवळ सात दशके याच नदीचे पाणी पीत आले आहे. आणि शहरात उतरल्यावर त्या पाण्याच्या कारभाराची एखादी देखणी इमारत पाहू म्हटले, तर बोट दाखविण्याजोगे ठिकाण कोणाला चटकन सांगता येत नाही. राजाबाई मनोरा, उच्च न्यायालय, बोरीबंदरचे स्थानक आणि त्यासमोरचे महापालिकेचे मुख्यालय असे एकाहून एक अलंकृत इमले ज्या दोन-तीन पिढ्यांनी उभे केले, त्यांनी पाण्यासाठी मात्र एखादा प्रासाद का बांधला नसावा, हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही.

इतरत्र असे प्रासाद झाले आहेत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने स्कूलकिल नदीच्या काठी 1815 पासून चालविलेला फेअरमाउंटचा जलकारखाना ग्रीक देवालयांच्या धर्तीवर बांधलेला असून, तो पाहावयास त्या काळी परदेशचे प्रवासी मुद्दाम जात. शिकागोचा 1869 चा चुनखडी दगडाचा जलमनोरा 1871 च्या अग्निप्रलयातून बचावला. आणि लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन भागात तर पाण्याच्या कंपनीने आपले पंपघर बुरूज-कंगोऱ्यांसह हुबेहूब किल्ल्यासारखे सजविले. या सर्वांच्या मुळाशी एक साधे यांत्रिक कारण आहे. त्या शहरांचे पाणी सखल नदीतून किंवा सरोवरातून वर चढवावे लागे. चढविण्यास अवजड यंत्रे लागत. यंत्रांना उंच दालने लागत. आणि एवढे अवाढव्य दालन भर वस्तीत बांधावयाचेच, तर त्याला शोभा आणावी, असे कारभाऱ्यांस वाटणे स्वाभाविक होते.

मुंबईस आरंभी ही यंत्रे लागलीच नाहीत. 1854 च्या अवर्षणात विहिरी आणि तलाव आटून आगगाडीने व होड्यांनी पाणी आणण्याची पाळी आली, तेव्हा हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने सुचविलेली विहार तलावाची योजना तातडीने मार्गी लागली; 1856 साली काम सुरू होऊन 1860 साली साष्टीच्या डोंगरांत मिठी नदी अडविली गेली, आणि बत्तीस इंची लोखंडी नळातून पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात वाहू लागले. विहारची पातळी मलबार टेकडीस पुरेना, म्हणून त्याहून उंचावर तुळशीचा तलाव बांधून 1879 साली त्याचा स्वतंत्र नळ टेकडीवर नेला. म्हणजे जे काम अन्यत्र वाफेच्या यंत्राने करावे लागले, ते येथे तलावाची जागा उंचावर निवडून साधले. परिणामी पंपघर नाही, आणि पंपघर नाही म्हणून त्याचा साजही नाही. टेकडीवरचा साठवणीचा हौद बांधला, तोही जमिनीत, आणि त्यावर फुलझाडांची बाग केली. हँगिंग गार्डन म्हणून जिला आपण ओळखतो आणि जिला फिरोजशहा मेहतांचे नाव आहे, तीच ही बाग. शेजारी पारशांची डुंगरवाडी, म्हणजे अंत्यविधीची जागा, असल्याने पाणी झाकणे भाग पडले, अशी आख्यायिका लोक सांगतात. खरे-खोटे काहीही असो, वेवजीपासून हाकेच्या अंतरावरील संजाणच्या किनाऱ्यावर शतकांपूर्वी उतरलेल्या त्या समाजाचा मुंबईच्या पाण्याशी आलेला संबंध आख्यायिकेहून बराच जुना आहे, कारण चर्चगेटजवळची भीखा बेहराम यांची विहीर 1725 सालची आहे. भांडारवाड्याच्या टेकडीवर, माझगावच्या जुन्या किल्ल्याच्या जागी, असाच हौद आणि असाच बगीचा आहे. त्यास टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टांचे नाव दिलेले आहे.

तथापि हौस अशी दडपून राहत नाही. जेथे पाणी चढत नाही तेथे सजविण्यास जागा उरत नाही, पण जेथे ते बाहेर पडते ती जागा उरतेच, आणि शहराने आपला सारा साज तेथे ओतला. 1864 साली किल्ल्याच्या चर्चगेट दरवाजाच्या जागी उभे राहिलेले फ्लोरा फाउंटन रिचर्ड नॉर्मन शॉ यांच्या आराखड्यानुसार जेम्स फोर्साइथ यांनी विलायतेहून आणलेल्या पोर्टलंड दगडात घडविले. त्यास 47,000 रुपये खर्च आला व त्यांपैकी 20,000 करसेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिले. याच कारंज्याच्या परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी रक्त सांडले, आणि त्या लढ्याची परिणती होऊन 1960 च्या मे महिन्यात ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील बरीच गावे गुजरातेत गेली व वेवजी सीमेवरचे गाव ठरले. मांडवीकडील भात बाजारात केशवजी नाईक यांचे 1876 चे कारंजे घड्याळाच्या मनोऱ्यासह उभे आहे. अशा प्याऊंची, म्हणजे पाणपोयांची, रचना जवळून न्याहाळण्यासारखी असते: माणसाच्या ओंजळीच्या उंचीवर दगडी कुंडी, आणि खाली बैलांना व घोड्यांना तोंड घालता येईल असे लांबट टाके, म्हणजे दगडावर नक्षी काढणाऱ्याने गाडीला जुंपलेल्या जनावराच्या तहानेचाही हिशेब केलेला असे. फोर्टातील रतनसी मुळजी जेठा यांचे 1894 चे कारंजे एका पित्याने आपल्या मृत मुलाच्या स्मरणार्थ बांधविले. माथ्यावर तो मुलगा पुस्तक वाचीत बसलेला आहे. पुण्यातही जोतीराव फुल्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या दिवंगत मुलीच्या स्मरणार्थ असाच एक हौद बांधला, आणि लोक त्याला आजही बाहुलीचा हौद म्हणतात.

हा प्रघात इंग्रजांनी आणला, असे मात्र नव्हे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून जमिनीखालील नळाने आणलेले पाणी पुण्यात ठिकठिकाणच्या हौदांत प्रकट होई, आणि औरंगाबादेत मलिक अंबरच्या नहरींच्या परंपरेतील पाणचक्कीत ते उंच भिंतीवर चढून पडद्यासारखे हौदात कोसळते. चढते तेही यंत्राने नव्हे, हर्सूलकडून बंद नळातून आल्यामुळे दाबानेच. तो हौद खालच्या प्रशस्त दालनाचे छतही आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यास लागून असलेल्या या जागी पाण्याने दगडी जाते फिरून फकिरांसाठी पीठ दळले जाई. शोभा, अन्नछत्र आणि पाणीपुरवठा यांचा असा त्रिवेणी संगम मुंबईच्या कोणत्याही कारंज्यास साधलेला नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे मुंबईत पाणीपुरवठ्याचे प्रमाणच बदलले. 1892 साली शहापूर तालुक्यात पुरे झालेले तानसाचे धरण सुमारे पावणेदोन मैल लांबीची चिरेबंदी भिंत आहे. तिच्यावर ना कमान ना शिल्प, तरी मुंबईच्या जलखात्याची सर्वांत भव्य इमारत कोणती, असे विचारल्यास मी तिच्याकडेच बोट दाखवीन. 1957 साली वैतरणेवर झालेल्या तलावास अभियंता मोडकांचे नाव मिळाले, आणि 2014 साली पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणेचे शंभर मीटरांहून उंच धरण उभे राहिले.

ज्या उताराने जुन्या मुंबईस पंपघर लागू दिले नाही, त्याच उताराचा फटका मोखाड्याला बसतो. कारण तलाव दरीत, पाडे माथ्यावर, आणि पाणी आपल्या स्वभावाप्रमाणे खाली वाहून जाते. चैत्र-वैशाखात तेथील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. तेव्हा राज्याच्या पाणीपुरवठा खात्यास विनंती इतकीच की, जुन्या मुंबईस जे पंपघर बांधावे लागले नाही, ते या पाड्यांसाठी बांधावे; त्यावर नक्षी नसली तरी चालेल.