घाटातले जय, तहातली फूट

४६६. एप्रिल १७८१ मध्ये खंडाळ्याहून पनवेलपर्यंत मागे हटताना जनरल गॉडर्डच्या इंग्रजी फौजेची मेलेली आणि जखमी झालेली माणसे एवढी होती. हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी तिला वाटभर झोडपले. त्याआधी १७७८ च्या अखेरीस ३,९०० सैनिक आणि १९,००० वर बैल घेऊन मुंबईकर इंग्रज पनवेल-आपट्याच्या बाजूनेच घाट चढले होते. ती फौज वडगावला कोंडली गेली आणि जानेवारी १७७९ मध्ये तिला करार लिहून द्यावा लागला.

एकाच वाटेवर दोनदा शत्रूला परतवणारी सत्ता पंचवीस वर्षांत मोडली कशी? याचे उत्तर तहांवरच्या सह्यांमध्ये आहे.

वडगावला जिंकत असतानाच महादजी शिंद्यांसाठी वेगळा करार झाला : भडोचमधला इंग्रजांचा वाटा त्यांना, शिवाय त्यांच्या माणसांना ४१,००० रुपये. जानेवारी १७८० मध्ये फत्तेसिंग गायकवाडांनी गॉडर्डशी परस्पर तह केला. त्याच वर्षी नाना फडणवीसांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची मोट बांधली. भोसल्यांचे ३०,००० स्वार बंगालवर चालून जायचे होते. वॉरन हेस्टिंग्जने पैसे चारून त्यांना थोपवले.

सालबाईचा तह १७ मे १७८२ ला महादजींनी ठरवला आणि दोन्ही पक्षांचे जामीनही तेच राहिले. पुण्याशी तहपत्रांची देवाणघेवाण व्हायला २४ फेब्रुवारी १७८३ उजाडला. या दिरंगाईचा दोष नानांना देणे मला पटत नाही. हैदर जिवंत असेपर्यंत तह लांबवण्यात त्यांचा डाव होता. पण एका राज्याच्या वतीने दोन ठिकाणांहून बोलणी चालतात, हे इंग्रजांना तेव्हाच पुरते कळले.

त्याच इंग्रजांशी लढून सुटलेल्या अमेरिकेची अवस्था याहून बरी नव्हती. १३ राज्यांच्या त्या संघात तहाला ९ राज्यांची मान्यता लागे. सप्टेंबर १७८३ चा पॅरिसचा तह सहा महिन्यांत मंजूर करायचा होता, तर डिसेंबर संपला तरी पुरेशी राज्ये जमेनात; १४ जानेवारी १७८४ ला कशीबशी नऊ भरली. काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नव्हता, राज्यांकडे फक्त मागणी करता येई. इंग्रज सावकारांची कर्जे वसूल होऊ देण्याचे तहातले वचन राज्ये पाळीनात, आणि तेच कारण पुढे करून इंग्रजांनी वायव्येकडचे किल्ले १७९६ पर्यंत सोडले नाहीत. १७८६ मध्ये मिसिसिपी नदीतल्या वाहतुकीचा प्रश्न निघाला तेव्हा स्पेनपुढे राज्ये ७ विरुद्ध ५ अशी फुटली.

दुखणे सारखेच होते : पैसा आणि फौज घटकांच्या हाती, परक्यांना वचन मात्र केंद्राने द्यायचे. आपल्याकडे सरंजामाचा महसूल सरदारांकडेच राही, त्यावर त्यांची फौज उभी राही आणि वकीलही त्यांचेच असत. अमेरिकेने १७८७ मध्ये फिलाडेल्फियात बसून नवी घटना लिहिली. राज्यांना तह करायची बंदी झाली, केंद्राला कराचा अधिकार मिळाला. पुण्यात तशी बैठक झालीच नाही. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला सगळे एकत्र आले आणि निजामाला नमवले, पण ती एकी एका मोहिमेपुरतीच टिकली.

पुढच्या तारखा वाचताना आजही जीव तुटतो. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. ३१ डिसेंबरला पेशवे बाजीराव यांनी वसईत इंग्रजांशी तह केला : किमान ६,००० इंग्रजी पायदळ पदरी ठेवायचे, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख द्यायचा आणि इंग्रजांच्या कंपनीला विचारल्याशिवाय परक्यांशी बोलणी करायची नाहीत. १८०३ च्या युद्धात शिंदे-भोसले लढले, होळकर बाजूला राहिले, गायकवाड कंपनीकडे होते. भोसल्यांचा देवगावचा तह १७ डिसेंबरला, शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा ३० डिसेंबरला. पुढच्या वर्षी होळकर लढायला उठले, तोवर इतरांचे हात तहांनी बांधले गेले होते. त्यांचा तह २४ डिसेंबर १८०५ चा. तीन वर्षांत चार तह, आणि प्रत्येक वेळी कंपनीसमोर एकटा मराठा सत्ताधीश.

१३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने पेशव्यांचे मराठा संघाचे प्रमुखपद गेले आणि इतर दरबारांत वकील ठेवायची मनाई झाली. सात महिन्यांनी इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला घेतला.