कोपरा नसलेलं पान

हिंगण्यात पत्त्यांचा डाव बसला की मेंढीकोटाचं नाव आधी निघतं. रंग म्हणायला चार, पण डोळ्यांना दिसतात दोनच, लाल आणि काळा. घाईत इस्पिकाच्या जागी किलवर पडतं ते त्यामुळेच.

रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने १९९३ साली आणलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’मध्ये रंग पाच: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. नवखा खेळाडू पानाची चौकट बघून रंग ठरवतो आणि फसतो. नियमाप्रमाणे बघायची ती उजव्या कोपऱ्यात वर छापलेली किंमत. तिच्यातली चिन्हं ज्या रंगाची, त्या रंगाचं पान. ‘फॉरेस्ट’चं पान दिसतं हिरवंगार, पण त्याला किंमतच नाही, म्हणून ते बिनरंगी. हिरवी शक्ती देतं, स्वतः हिरवं नसतं!

आपल्याकडे रंगाचा कायदा याहून जुना आहे, तो सावंतवाडीच्या गंजिफा या पत्त्यांच्या खेळात. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संचात ८ रंग आणि ९६ पानं. दशावतारी संचात मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग; प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे १२० पानं. तिघे खेळले तर एकेकाच्या हाती ४० येतात.

आता ही पानं गोल आहेत, हे ध्यानात घ्या. गोल पानाला कोपरा नाही, मग खूण छापायची कुठे? पंख्यासारखी हातात धरली की प्रत्येक पानाची जेमतेम चंद्रकोर दिसते. परशू, मासा, कासव ही चिन्हं मागे दडतात. दिसते ती जमीन, म्हणजे पानाच्या पायाचा रंग. दहा अवतारांना दहा वेगळ्या जमिनी देण्यात शोभेचा भाग असेलच, पण माझ्या मते त्यात सोय अधिक आहे. पाठ मात्र सगळ्यांची सारखी, नाहीतर समोरच्याला हात वाचता येईल.

हुकूम इथे नाही. उतारी ठरते ती घड्याळावर: दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. मोगली संचातही दिवसा ‘सुर्ख’, रात्री ‘सफेद’. एक सोन्याचं नाणं, दुसरं चांदीचं. खरी गोम पुढे आहे. निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दहा मोठा आणि एक्का सगळ्यांत लहान. उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा, दहा तळाला. म्हणजे जमिनीचा रंग पाहिल्याशिवाय दश्शीची किंमतच कळत नाही. मेंढीकोटात दश्शीसाठी जीव टाकणाऱ्याला हे पचायला जड जाईल.

चिंचोक्याची खळ, खडू आणि लाखेचा हात देऊन ही पानं बनवणारे चितारी विसाव्या शतकाच्या मध्यावर जवळजवळ संपले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध पुंडलिक चितारींकडून ही विद्या शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले. २०२४ साली सावंतवाडी गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने कारागिरीला संरक्षण आलं, खेळाला नव्हे. आज संच विकत घेणारे बहुतेक तो काचेआड ठेवतात. कुणाला खरंच डाव मांडायचा असेल, तर पिसण्याआधी उलट्या क्रमाचे पाच अवतार कोणते ते एकमेकांत ठरवून घ्यावं, आणि दिवेलागणीला बसलात तर राम की कृष्ण, तेही.