कोणत्या खेळाडूला कोणता चेंडू? क्रिकेटच्या चेंडूची पारख

दिवाळी झाली, सोयाबीनचे वावर मोकळे झाले आणि कापसाचा पहिला पैसा हाती आला, की आमच्या कळंब तालुक्यात गावोगाव क्रिकेटचे सामने सुरू होतात. मंडळे वर्गणी गोळा करतात, बक्षिसे लागतात आणि खेळाच्या सामानाला उठाव येतो. आम्ही कापडवाले असलो तरी मंडळांचे टी-शर्ट आमच्याकडूनच जातात, त्यामुळे बॅट-बॉलची चर्चाही आमच्या गादीवर बसूनच होते. या चर्चेत एक गोष्ट नेहमी दिसते. पोरे दुकानात जातात आणि म्हणतात, "टीव्हीवर खेळतात तो भारी बॉल द्या." दुकानदारही खूश होऊन तोच काढून देतो. दोन दिवसांनी त्याच चेंडूचे साल निघालेले असते आणि वर्गणी पाण्यात गेलेली असते. ज्यांना हा माल विकायचा आहे आणि ज्यांना आपल्या मुलांसाठी तो घ्यायचा आहे, अशा दोन्ही बांधवांना चेंडूची पारख असावी म्हणून हा मजकूर.

प्रथम चेंडू बनतो कसा ते पाहू. लेदरचा चेंडू, ज्याला आपली मुले ‘सीझन बॉल’ म्हणतात, त्याच्या पोटात बुचाचा गाभा असतो व त्यावर ओला लोकरी धागा घट्ट गुंडाळून थर चढवलेले असतात. हलक्या मालात बुचाचा भुगा व रबर यांचा तयार गोळाच टाकतात. वर कातडे. हे कातडे दोन तुकड्यांचे असेल तर ‘टू-पीस’, चार तुकड्यांचे असेल तर ‘फोर-पीस’. फोर-पीसमध्ये दोन-दोन तुकडे आतून अशा टाक्याने जोडतात की बाहेरून तो टाका दिसत नाही. मग त्या दोन वाट्या एकमेकींवर आडव्या फिरवून बसवतात, म्हणजे जोडावर जोड येत नाही. चार तुकड्यांमुळे गोलाई चांगली येते आणि चेंडू लवकर बेढब होत नाही. मध्ये शिलाईच्या सहा ओळी असतात. हीच ती ‘सीम’.

कपड्यात आम्ही सूत, वीण आणि काठ पाहतो, तसे येथे कातडे आणि शिलाई पाहावी. कातडे जनावराच्या पाठीचे असेल तर घट्ट आणि एकसारखे असते, पोटाचे असेल तर ढिले. एका चेंडूचे चारही तुकडे सारख्या जाडीचे नसतील तर एक बाजू आधी झिजते. सामन्याच्या चांगल्या चेंडूचे कातडे तुरटीने कमावतात व ते आतून पांढरे असते. बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेले कातडे आतून तपकिरी निघते. वरचा लाल रंग आणि मेणाचा तजेला दोघांवर सारखाच दिसतो, म्हणून नुसत्या चमकेवर जाऊ नये.

आता नावांकडे येऊ. जगात कसोटी सामन्यांना मुख्यत्वे तीन चेंडू चालतात. ऑस्ट्रेलियाचा कुकाबुरा, इंग्लंडचा ड्यूक्स आणि आपला एस.जी. एस.जी.चा कारखाना 1931 मध्ये सियालकोटला निघाला आणि फाळणीनंतर मेरठला आला. सियालकोटचे कितीतरी कारागीर असे मेरठ आणि जालंधरला येऊन बसले आणि आज देशाचा क्रीडा-साहित्याचा बाजार याच दोन गावांवर चालतो. हुन्नर हातात असला की माणूस उजाड जागीही बाजार वसवतो. ड्यूक्स व एस.जी. यांची शिलाई हाताची, म्हणून सीम उभी राहते व बराच वेळ टिकते. कुकाबुराच्या आतल्या दोन ओळी हाताच्या आणि बाहेरच्या मशीनच्या, त्यामुळे सीम लवकर बसते. नवा असताना तो चांगला वळतो, पण पुढे फलंदाजाची मजा. उभी सीम फिरकीवाल्याच्या बोटांना पकड देते आणि वेगवान गोलंदाजाचा चेंडू टप्प्यावरून हलवते. आपल्याकडे फिरकीला मान आहे, त्याला एस.जी.ची सीमही थोडी कारण आहे. याउलट 2018 मध्ये विराट कोहलीने एस.जी. लवकर खराब होतो म्हणून उघड तक्रार केली होती आणि ड्यूक्सची बाजू घेतली होती. सांगायचे असे की, एवढ्या वरच्या दर्जालाही सर्वांना पसंत पडेल असा एकच चेंडू नाही.

मग कळंबच्या मैदानावर कोणता? आमचे मैदान म्हणजे बहुधा मुरूम किंवा काळी माती, फार झाले तर वर मॅटिंग. ज्या चेंडूला हिरवळीवर लोळायचे होते त्याला येथे खड्यांवर घासावे लागते. तुरटीचे उंची कातडे आणि हाताची उभी सीम अशा जमिनीवर फार काळ राहत नाही. "सस्ता रोए बार-बार" ही म्हण बाजारात खरी आहे, पण या मालात ती नेहमी लागू पडत नाही. एका भारी चेंडूच्या पैशात सरावाचे तीन-चार चेंडू सहज येतात. नेट सरावाला दोन तुकड्यांचा किंवा साधा फोर-पीस, मॅटिंगवरच्या सामन्याला मध्यम प्रतीचा फोर-पीस, आणि खरा भारी माल यवतमाळ-नागपूरच्या हिरवळीच्या विकेटवर खेळणाऱ्या मुलासाठी, असा आमचा हिशेब आहे. मात्र जो मुलगा जिल्ह्याच्या निवडीला जाणार आहे त्याला सामन्याच्या चेंडूवर काही दिवस तरी हात बसवू द्यावा. सपाट सीमवर शिकलेली बोटे उभ्या सीमवर गडबडतात.

गल्लीतल्या मुलांना टेनिस बॉलच बरा. टेनिसच्या नियमाचा चेंडू 56 ते 59.4 ग्रॅमचा असतो. स्पर्धांत त्याहून जड, जाड रबराचा ‘हेवी’ टेनिस बॉल मागतात, कारण तो वाऱ्यावर कमी जातो आणि बॅटवर नीट येतो. डब्यात हवा दाबून भरलेले टेनिसचे महाग चेंडू क्रिकेटला घेऊ नयेत, डबा उघडल्यावर त्यांची उसळी दिवसेंदिवस कमी होते. टेनिस बॉलला हलके समजू नये. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव अशाच चेंडूवर वेगाने टाकायला शिकला, लेदरचा चेंडू त्याच्या हाती उशिरा आला आणि 2011 मध्ये तो कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. पुढे फैज फझलच्या कप्तानीखाली विदर्भाने 2017-18 व 2018-19 अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकली, 2024-25 मध्ये तिसऱ्यांदा. तेव्हापासून आमच्याकडे लेदरची मागणी वाढली आहे, आणि लहान पोरेही तोच मागतात.

येथे दुकानदाराची जबाबदारी येते. पुरुषांचा चेंडू नियमाने 156 ते 163 ग्रॅमचा असतो, मुली-महिलांचा 140 ते 151, आणि तेरा वर्षांखालील मुलांचा 133 ते 144 ग्रॅमचा. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठा चेंडू दिला की पकड बसत नाही, खांदा दुखतो आणि गोलंदाजीची ढब बिघडते. लहान मापाचा माल मागवला तर मिळतो, पण मागवणारेच थोडे. शिवाय पॅड, ग्लोव्हज, गार्ड आणि हेल्मेट नसेल त्या संघाला लेदर विकताना दोन शब्द सांगावेत. रमण लांबा हा कसोटी खेळलेला माणूस 1998 मध्ये ढाक्याला हेल्मेटशिवाय जवळ उभा राहिला, डोक्याला चेंडू लागला आणि तीन दिवसांत गेला. एक चेंडू कमी खपला तर चालेल.

गोल्फच्या बाजारातही हाच प्रकार आहे, हे ऐकून गंमत वाटेल. तेथेही चेंडू थरांचा. नवशिक्याला दोन थरांचा, कडक सालीचा चेंडू चांगला, कारण तो लांब जातो व लवकर चिरत नाही. तीन-चार थरांचा, मऊ युरेथेन सालीचा महाग चेंडू त्यालाच उपयोगी, जो फटक्याने त्याला फिरकी देऊन जागच्या जागी थांबवू शकतो. नवशिका तोच महाग चेंडू झुडपात हरवून येतो. त्या चेंडूच्या अंगावर खळगे असतात आणि क्रिकेटच्या बोलिंग मशीनमध्ये टाकायचे चेंडूही तसेच खळगेदार येतात. मशीन असलेली अकादमी गिऱ्हाईक असेल तरच ते ठेवावेत.

नागपूरहून माल भरताना काय पाहावे? प्रत्येक डझनातून दोन-तीन चेंडू काढून सोनाराच्या काट्यावर तोलावेत. 156 च्या खाली भरला तर तो सामन्याचा नाही, मग वर कोणताही शिक्का असो. अंगठ्याने सीमच्या दोन्ही बाजू दाबून पाहाव्यात, एकीकडे मऊ लागला तर गाभा एकसारखा नाही. टाके मोजायची गरज नाही, पण ओळी वाकड्या किंवा धागा सुटा असेल तर माल परत करावा. सपाट फरशीवर हळू सोडावा, भोवऱ्यासारखा डुलत गेला तर गोलाई चुकली. आणि मोठ्या नावाचा चेंडू निम्म्या भावात कोणी देत असेल तर पक्के बिल मागावे. बिल देत नसेल तर नाव खोटे समजावे.

सीझन संपल्यावर उरलेला लेदर माल सांभाळणे हे आमच्या भागात अवघड काम आहे. उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली मेण वितळते व कातडे कडक होऊन तडकते, पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावा व मधूनमधून कोरड्या फडक्याने पुसावा. भिजलेला चेंडू उन्हात वाळवू नये, सावलीत ठेवावा. मुळात उन्हाळ्याच्या तोंडाला लेदरचा साठा कमी करून टेनिस बॉल जास्त भरावा, सुट्टीत तोच चालतो.