वावरातून ताऱ्यांचा फोटो कसा काढाल?

रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला रातच्या लाईनीवर वावरात जावंच लागते. वर मृग नक्षत्र लखलखते, पण मोबाईलात येतो नुसता काळोख. कारण फोन क्षणभरच उजेड घेतो. प्रो मोडमध्ये शटर 15 सेकंद, आयएसओ 1600 ठेवा. फोकस डोंगराच्या चिन्हावर न्या. फोन धुऱ्यावर विटेला टेकवून 3 सेकंदांचा टायमर लावा, बोटाच्या धक्क्यानंही फोटो बिघडते. शटर 30 सेकंदांवर नेलं तर तारे लांबट येतात, पृथ्वी फिरते ना! अमावास्येच्या आसपास, अकोला-अमरावतीच्या उजेडापासून दूर चिखलदऱ्याकडे आकाश जास्त भरून दिसते. पेंच व्याघ्र प्रकल्प तर अशा अंधारासाठीच 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. पोरांना शिकवताना बॅटरी विझवून 20 मिनिटं डोळे सरावू द्या. चालताना मात्र बॅटरी लावाच. धुऱ्यावर साप असते.